सुरूच्या झाडाला बाशिंग

आमच्या घरी लग्नसराई बारा महिने असे, पण लग्न असायचं ते नेहमी दुसऱ्याचं. गिरगावातल्या एका वाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत माझे वडील, आबा, बाशिंगं आणि मुंडावळ्या करीत; गणपतीच्या आधी महिनाभर मखरं. भेंडाच्या हलक्या गाभ्याच्या पांढऱ्याशुभ्र कापा, रुपेरी-सोनेरी बेगड, खोट्या मोत्यांचे सर आणि कळाबतूची रिळं यांच्यातून वाट काढीत आम्ही आतबाहेर करायचो. माझ्या केसांत बेगडाचा एखादा कपटा कायम चिकटलेला असे, म्हणून वाडीतल्या बायका मला चमकी म्हणत. सकाळी जाग यायची ती आबांच्या कात्रीने. भेंड कापताना कात्री नुसती कुजबुजते, बेगड कापताना कुरकुरते. डोळे न उघडता मला कळे की आज काय चाललंय. आतून आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आणि निखाऱ्यावरच्या सुक्या बोंबलांचा वास. तो वास बाशिंगांना लागू नये म्हणून मधल्या दारावर ओला पंचा टांगलेला असायचा, तरी लागायचाच. एकदा एका नवऱ्यामुलाच्या आईने येऊन तक्रार केली की बाशिंगाला बोंबलाचा वास मारतो. ती गेल्यावर आमची गोदाआत्या म्हणाली, "बरं झालं. नवरीला सासरी परकं वाटायचं नाही."

गोदाआत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा पटकीने गेला आणि ती माहेरी परत आली. विशीच्या आतबाहेर असेल. मी तिला आत्या म्हणायची, पण आमचं खरं नातं दोन उनाड मैत्रिणींचं होतं. गिऱ्हाईक जिना उतरून गेलं की ती त्याची नक्कल करायची: कोण पोट पुढे काढून बसतो, कोणाला बाशिंग बघताना स्वतःचंच दुसरं लग्न आठवतं, कोण गुडघ्याला बाशिंग बांधून आलाय. आई हसू दाबायला चुलीत फुंकर घालायची. आबांच्या कानावर गेलं तर ते म्हणत, "गोदे, जीभ आवर." ती आवरायची आणि डोळ्यांनी नक्कल चालू ठेवायची.

एक गोष्ट मात्र घरात थट्टेने घेतली जात नसे. आत्याने बाशिंगाला हात लावायचा नाही. मुंडावळीलाही नाही. तिचं कपाळ पांढरं होतं आणि पांढऱ्या कपाळाच्या बाईने केलेलं बाशिंग कोणी आपल्या मुलाच्या कपाळावर बांधलं नसतं. हे आबांनी तिला बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही. ती बाहेरच्या खोलीत आली की आबा मोत्यांची परडी नुसती आपल्याकडे ओढून घेत. तिला काम होतं ते खळ शिजवायचं. चिकटवायला लागणारी ती खळ, मोरचूद घालून, गुठळी न होऊ देता घोटायची. एकदा पातेलं घोटता घोटता ती माझ्या कानाशी म्हणाली, "चमके, मुंबईतल्या निम्म्या नवरदेवांच्या कपाळाला माझाच हात चिकटलाय. दादाला सांगू नकोस, नाहीतर खळसुद्धा वहिनीला करायला लावील."

एका सकाळी आमच्याकडे पास्कू नावाचा गोव्याचा बटलर आला. परळच्या एका गिरणीत विणाई खात्यावर जो साहेब होता, त्याच्या बंगल्यावर तो नोकरीला. साहेबाच्या मड्डमेला नाताळची आरास करून हवी होती. आबा खूश झाले. गणपती होऊन गेलेले, लग्नांचा खरा हंगाम अजून लांब, हात रिकामे होते. त्यांनी लगेच लाल, पिवळ्या, हिरव्या कागदांचे गठ्ठे काढून पास्कूपुढे पसरले.

"ते काय नको," पास्कू म्हणाला. "मड्डमला सगळा पांढरा पायजे. झाड पांढरा, मँटलपीस पांढरा. पांढरा नी चांदी, बास. मधी मधी जरासा अस्मानी."

"मग रंग कुठला?"

"सांगितला ना, पांढरा."

पास्कूने समजावून सांगितलं ते असं. आदल्या वर्षी मड्डमेने झाडाला हाती लागेल ते टांगलं होतं: बाहुल्या, संत्री, निशाणं, पितळी घंटा. शेजारच्या बंगल्यातल्या दुसऱ्या मड्डमेने ते पाहून हसत हसत म्हटलं, वा, अगदी भायखळ्याच्या बाजारासारखं. ते बोलणं हिच्या जिव्हारी लागलं. यंदा तिने ठरवलं होतं की सगळ्या आराशीत एकच कल्पना दिसायची, तिच्या मुलखातल्या बर्फाची. आणि एकाही वस्तूने त्या कल्पनेबाहेर जायचं नाही.

आबांनी कागद परत गुंडाळले. "सणाला पांढरं? हे माझ्या हातून व्हायचं नाही. उद्या गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं तर काय म्हणेल?"

मधल्या दारातल्या ओल्या पंच्याआडून आत्याचा आवाज आला. "मग माझ्या हातून होईल. पांढरं हे माझंच खातं आहे, दादा."

त्यात थट्टा किती आणि दुखणं किती, हे मला आज ऐंशीला टेकल्यावरही नीट सांगता येत नाही. आबा बराच वेळ कात्री पुसत बसले. मग म्हणाले, "चमकीला बरोबर ने. एकटी जाऊ नकोस."

घोड्यांच्या ट्रामने भायखळ्यापर्यंत आणि तिथून भाजीबाजाराला वळसा घालून चालत परळ, असं आमचं रोजचं जाणं सुरू झालं. बंगला गिरणीच्या कुंपणाला लागूनच होता. दिवाणखान्यात पाऊल टाकल्याबरोबर आम्ही दोघी जी चीज पाहून उभ्या राहिलो ती म्हणजे मड्डमेची चूल. भिंतीला टेकून लाकडाची एक मोठी कमान, तिच्यावर दगडासारखा रंग, वर रुंद फळी; पास्कूचा मँटलपीस तो हाच. कमानीत लाकडाचे ओंडके रचलेले, त्यांना विस्तवाचा तांबडा रंग दिलेला. आत्याने वाकून वर पाहिलं. धुराड्याची जागा भिंतीने बंद.

"ही पेटवतात कशी?" तिने विचारलं.

"पेटत नाय," पास्कू म्हणाला. "ही बघायची चूल. मड्डमच्या गावात थंडी असते, त्यांच्या घरात खरी असते. हिथं सुताराकडून करून घेतला."

"आणि हिच्यावर शिजवायचं काय?"

"काय नाय. वर फळीवर शोभा ठेवायची, खाली बसून गावाची आठवण काढायची."

डोक्यावर पंखा हलत होता. व्हरांड्यात बसून एक माणूस त्याची दोरी ओढत होता, आणि पंख्याखाली ती न पेटणारी चूल. आत्याने पदर तोंडाला लावला आणि मला चिमटा काढला. पण मड्डम आत आली तेव्हा तिचा चेहरा बघून आम्हांला हसवेना. ती लहानखुरी, नाकावर तांबूस ठिपके असलेली बाई होती, आमच्या आईपेक्षा धाकटीच. चुलीच्या फळीवर हात ठेवून ती बोलायची तेव्हा जणू तिथे ऊब लागत असावी असं वाटे. पास्कूकडून तिने आम्हांला सगळं समजावलं. समोरच्या भिंतीशी पिंपात सुरूचं झाड रोवलं होतं. त्याच्या फांदीफांदीवर कापसाचं बर्फ बसवायचं. साहेबाने बजावलं होतं की जिथे कापूस तिथे मेणबत्ती नाही, गिरणीत त्याने कापूस पेटलेला पाहिला होता; म्हणून लकाकी आणायची ती रुपेरी बेगड आणि आरशाच्या तुकड्यांनी. अस्मानी रेशमी फीत मड्डमने स्वतः मोजून दिली आणि सांगितलं की ती जेवणातल्या मिठाइतकीच वापरायची. झाडावर जिथे फीत येईल, तिचा जोड फळीवर दिसला पाहिजे.

शेवटी मड्डम हातांनी झाड आणि चूल दाखवत काहीतरी म्हणाली. पास्कूने सांगितलं, "मड्डम म्हणते, झाड नी मँटलपीस एकमेकाला शोभले पायजेत. बघणाऱ्याला वाटला पायजे, दोघं एका घरचे."

आत्याने झाडाकडे पाहिलं, मग चुलीकडे. "एका घरचे," ती हळूच मला म्हणाली. "म्हणजे सोयरीक जुळवायचीय. मग सरळ सांगायचं ना."

नुकतीच आमच्या वाडीत तुळशीची लग्नं लागली होती. ती लागली त्या संध्याकाळी आत्या नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत बसली होती. पण ही झाडाची आणि चुलीची सोयरीक तिच्या डोक्यातून जाईना. परतताना ट्राममध्ये बसल्यावर ती म्हणाली, "नवरा उंच आहे, पण काटकुळा. नवरी दणकट. घर तिच्यावरच चालेल." मी म्हटलं, "पण नवरी पेटत नाही." आत्या एवढ्या मोठ्याने हसली की समोरचे पारशीबाबा आपल्या टोपीला काही झालंय का ते चाचपू लागले.

तेव्हापासून आम्ही उघडपणे मड्डमेचं काम करीत होतो आणि गुपचूप लग्नघराचं. काम चोख होतं, त्यात लबाडी नव्हती. भेंडाची बोटाएवढी फुलं आत्या अशी सोलून काढायची की पाकळीतून उजेड दिसे. पंख्याच्या वाऱ्याने कापूस उडायचा, मग ती खळीचा हात फिरवून तो बसवायची. दुपारी साहेब गिरणीतून जेवायला यायचा, दारातच त्याच्या नाकात कापूस जायचा आणि तो शिंकत शिंकत परत व्हरांड्यात जायचा. दिवसभर ज्याच्यात वावरायचं तेच घरी झाडाला लटकलेलं पाहून त्या माणसाचा चेहरा फार केविलवाणा व्हायचा. मड्डम त्याला काही बोलायची आणि आम्हांला डोळ्यांनी खूण करायची की चालू द्या.

चुलीच्या फळीखाली आम्ही मोत्यांचे सर सोडले, दोन बाजूंना दोन लांब, मध्ये अस्मानी फितीची गाठ. मड्डमला वाटलं, बर्फाचे लोंबते थेंब. टाळ्या वाजवून तिने आत्याचं कौतुक केलं. त्या मुंडावळ्या होत्या. आणि कोठीच्या खोलीत, मी दाराशी पहारा देत असताना, आत्या झाडाच्या शेंड्यासाठी म्हणून जे करीत होती ते बाशिंग होतं. संपूर्ण, नवरदेवाचं, मधला तुरा आणि दोन बाजूंचे मोर यांसह; फक्त लाल-हिरव्याच्या जागी पांढरं आणि रुपेरी, आणि जिथे आबा कुंकवाच्या रंगाचा ठिपका देतात तिथे अस्मानी. ती कोणाला विचारत नव्हती, कुठे अडत नव्हती. वर्षानुवर्षं पंच्याआडून बघून तिच्या हातांनी सगळं शिकून ठेवलं होतं. ते करताना तिने एकही नक्कल केली नाही. मला जरा भीतीच वाटली.

"हे काय?" मड्डमने विचारलं. तिला वर चांदणी हवी होती.

आत्याने खळीचा हात पदराला पुसला. मग पास्कूला म्हणाली, "सांग, तुमच्या बाळराजाचा मुकुट."

मड्डमने ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. तिचे डोळे भरून आले. चांदणी पेटीत परत गेली.

त्या दिवशी पास्कूने आम्हांला फडक्यात बांधून काळसर केक दिला. मी माझा तुकडा ट्राममध्येच संपवला. खजुराच्या वडीसारखा लागला, पण मागाहून घसा गरम झाला. आत्याने आपला घरी नेला आणि आबांना म्हणाली, "भायखळ्याच्या वाण्याकडची खजुराची वडी आहे." आबांनी दोन घास खाल्ले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वाणी चांगला दिसतो. उद्या जास्त आण." आईने वास घेतला, आत्याकडे पाहिलं आणि चुलीत फुंकर घातली.

नाताळच्या संध्याकाळी बंगल्यावर पाहुणे आले. शेजारची मड्डम, तिचा साहेब आणि आणखी काही गोरे लोक आत खुर्च्यांवर. व्हरांड्यात गिरणीतले कारकून, जॉबर म्हणजे मुकादम, आणि त्यांच्या बायका. थोरल्या जॉबराची बायको सगळ्यांत पुढे उभी होती. मूळची मालवणकडची, अंगापिंडाने भरलेली. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि बाशिंगाचं ती आबांशी बोलूनही गेली होती. झाडापुढे मड्डमने एक चादर धरायला लावली होती. सगळे जमले की ती एकदम खाली सोडायची आणि झाड दाखवायचं. चादरीचं एक टोक पास्कूच्या हातात, दुसरं माझ्या. म्हणजे चादरीच्या एका अंगाला झाड आणि दुसऱ्या अंगाला समोर चूल. हे मड्डमनेच मांडलं होतं. आमची त्यात काहीच करणी नव्हती.

आम्हांला न्यायला आबा यायचे होते. ते फाटकाबाहेर थांबतील असा आमचा हिशेब. पण पास्कूने त्यांना मानाने व्हरांड्यात आणून उभं केलं, आणि हे मला चादर धरल्यावर दिसलं. आत्यालाही तेव्हाच दिसलं. ती चुलीजवळ उभी होती. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

मड्डम इंग्रजीत एक, दोन, तीन म्हणाली. तिसऱ्याला मी टोक सोडलं आणि माझ्या तोंडून, मनात म्हणायचं ते, खणखणीत बाहेर पडलं: "सावधान."

चादर खाली आली. झाडाच्या कपाळावर बाशिंग, समोर चुलीच्या कपाळाला मुंडावळ्या. गोरे लोक आ वासून बघत होते. व्हरांड्यात आधी एका बाईच्या गळ्यातून फस्सकन हसू, आणि मग सगळा व्हरांडा. कोणीतरी मंगलाष्टकाची ओळ धरली. पंखेवाल्याला तेवढ्यात जोर चढला असावा, त्याने दोरी अशी ओढली की फांद्यांवरचा सैल कापूस उठला आणि सगळ्यांच्या डोक्यांवर पडू लागला. बायकांनी तो वेचून परत झाडावर आणि चुलीवर टाकायला सुरुवात केली, अक्षता टाकतात तसा. मड्डमला वाटलं, बर्फाचं स्वागत करायची ही आमच्याकडची रीत. तीही मूठ भरभरून टाकू लागली. शेजारच्या मड्डमेला तिने एक मूठ दिली, आणि तिनेही टाकली. साहेब शिंकत होता.

या गलक्यात जॉबरीणबाई पुढे आली. ती हसत नव्हती. मान उंच करून तिने बाशिंग नीट न्याहाळलं.

"ह्यां कोणी केल्यान?" तिने आबांना विचारलं. "असला बाशिंग तुमी माका दाखवलांत नाय ते? माझ्या झिलाक ह्याच होयां. लाल करून द्या."

त्याच वेळी पास्कूही मड्डमचा निरोप घेऊन आबांपाशी आला. "मड्डम विचारते, मुकुट कोणी केला? तुमीच ना?"

आबांनी 'होय' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जॉबरीणबाईचं काम मिळालं असतं, घराण्याच्या रीतीवर कोणी बोट ठेवलं नसतं, आणि आत्याने तोंड उघडलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते झाडाजवळ गेले. चष्मा वर करून बाशिंगाकडे बघत राहिले. मला वाटलं, हे आता हात घालून ते ओरबाडून काढणार. मी चादर छातीशी घट्ट धरली होती.

"माझं नाही हे," आबा म्हणाले. "मी असतो तर खालच्या ओळीला एवढे मोती लावले नसते. हे हिचं काम आहे. माझ्या बहिणीचं, गोदेचं."

जॉबरीणबाईने आत्याच्या कपाळाकडे पाहिलं. तिचा चेहरा कठोर झाला नाही, जरा पडला. "हात बरो आसा गो तुझो," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "पण झिलाचा लगीन आसा." बाशिंग तिने भुलेश्वरातून नेलं, असं नंतर कळलं. त्या हंगामात आणखी एकदोन गिऱ्हाइकं आली नाहीत. आई त्यावरून आत्याला कधी बोलली नाही, पण पिठलं पातळ झालं, हेही खरं. उलट पुढच्या वर्षी शेजारच्या मड्डमेने आत्याला सगळी आरास सोनेरी करायला बोलावलं आणि आमच्या मड्डमने आत्याला सांगून ठेवलं की त्या बाईला मोर द्यायचे नाहीत. हल्ली माझी नात बाजारातून तयार झाड आणते आणि आजी, ह्याला काय रंग शोभेल म्हणून मला विचारते, तेव्हा मी झाडाआधी समोरची भिंत बघते.

त्या नाताळच्या संध्याकाळी आम्ही निघताना मड्डमने आत्याचा हात हातात घेऊन हलवला. आत्याने तो हात नंतर थोडा वेळ बाजूला धरला होता, ओला असल्यासारखा. परळहून भायखळ्याच्या वाटेला आम्ही लागलो. आबा पुढे, आम्ही दोघी मागे. गिरण्यांचे भोंगे वाजून गेले होते, रस्त्यावर माणसंच माणसं. भाजीबाजार येईपर्यंत आत्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

बाजाराशी आबा थांबले. "मोती जास्त झालेत," ते म्हणाले.

"नाही झाले," आत्या म्हणाली.

"खालच्या ओळीत. नजर तिथेच अडते. वरचा तुरा दिसत नाही."

"झाड उंच आहे, दादा. बघणारा खालून बघतो. माणसाच्या कपाळावर असतं तर मीही कमी लावले असते."

"माणसाच्या कपाळाचं तुला काय ठाऊक?"

"मला नाही ठाऊक? मग निम्मे मोर उजवीकडे झुकलेले असतात ते कोणाचे?"

आबा रस्त्याच्या मधोमध वळून उभे राहिले. कोणाचे मोर झुकतात, कधी झुकले, कोणत्या लग्नात, हे त्यांना तिथल्या तिथे जाणून घ्यायचं होतं. आत्याने एकेक नवरदेव नावानिशी काढायला सुरुवात केली. ट्राममध्ये दोघं शेजारी बसून हवेत बोटांनी मोर काढत होते आणि एकमेकांचे पुसत होते. वाडीत शिरेपर्यंत आवाज एवढे चढले की आई घाबरून जिन्याच्या तोंडाशी आली आणि मला विचारलं, "काय झालं गं? भांडले का?"

"होय," मी म्हटलं. "मोत्यांवरून."

आईने दोघांकडे पाहिलं. आबा चपला न काढताच बाहेरच्या खोलीत शिरले होते आणि मोत्यांची परडी आत्यापुढे आपटून म्हणत होते, "दाखव. किती लावायचे ते लावून दाखव मला." आई आत गेली, तवा चुलीवर ठेवला, आणि जाता जाता दारावरचा पंचा काढून खांद्यावर टाकला.